डोंगराचा वणवा आणि उसाचा फड : आग लागण्याआधीची दक्षता



गळीत हंगाम ऐन भरात आहे. दरवर्षी या दिवसांत आम्ही या पानावर खोडव्याचे खत, पाण्याच्या पाळ्या, बेणेमळा असे विषय घेतो. या अंकात मात्र आगीबद्दल लिहायचे ठरविले आहे. त्याला कारणही तसेच घडले.

गेल्या हंगामात माघ महिन्यातली गोष्ट. आपल्या एका गटात ऊस तुटून गेलेल्या रानातले पाचट एका सभासदाने भर दुपारी पेटविले. बांधाला लागूनच चुलत भावाचा आडसाली ऊस उभा होता. वारा फिरला, जाळ बांधावरच्या वाळल्या गवताला लागला आणि तिथून फडात शिरला. माणसे धावून येईपर्यंत अडीच एकर ऊस पेटला होता. ठिबकच्या नळ्या वितळल्या आणि बांधावरचा आंबा करपला. सुदैवाने माणूस वाचला, पण दोन घरांचे बोलणे बंद झाले, ते अजून सुरू नाही. यात आमच्या खात्याचीही चूक आहे, ती लपवून उपयोग नाही. तो ऊस आमच्या तोडणी प्रोग्रामप्रमाणे तीन आठवडे आधी तुटायला हवा होता. टोळ्या कमी पडल्या आणि तो मागे राहिला. वेळेवर तुटला असता तर जळायला तिथे काही नव्हते.

त्या संध्याकाळी गट ऑफिसात एका वयस्क सभासदांनी आम्हाला विचारले, "सायेब, टीव्हीवर दावत्यात, हेलिकॉप्टरनं वरनं पाणी वततात. आपल्या फडावर तसं का न्हाई वतायचं? कारखान्यानं एक भाड्यानं आणावं की!" सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर वाटले, प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

वरून पाणी टाकणे म्हणजे काय

आकाशातून आग विझविण्याचे काम जगात अनेक वर्षे चालू आहे. कॅनडात खास याच कामासाठी बनविलेले पाण्यावर उतरणारे विमान १९६७ साली प्रथम उडाले. त्याच्या पुढच्या सुधारित विमानाला तलावावर पोट घासत नेले की साधारण बारा सेकंदांत सहा हजार लिटर पाणी भरून घेता येते. मग ते वर उठते आणि आगीवर पाणी सोडते. काही विमाने पाण्याऐवजी लाल रंगाचे द्रावण टाकतात. त्या द्रावणातला मुख्य पदार्थ अमोनियम फॉस्फेटच्या जातीचा, म्हणजे आपल्या डीएपीचाच भाऊबंद असतो. ते गवतावर, झाडांवर बसले की ती चटकन पेट घेत नाहीत. लाल रंग कशासाठी, तर कुठवर टाकले ते वैमानिकाला वरून दिसावे म्हणून.

आपल्या देशात हे काम मुख्यतः हवाई दलाची हेलिकॉप्टरे करतात. हेलिकॉप्टरच्या खाली दोराने एक मोठी बादली टांगतात, तिला बांबी बकेट म्हणतात. तलावात बुडवून ती भरायची, आगीवर न्यायची आणि तळाचे झाकण उघडायचे. २०१६ साली उत्तराखंडातल्या वणव्यांत भीमतालच्या तलावातून असे पाणी उचलले. २०१९ साली कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलात आणि २०२२ साली राजस्थानात सरिस्काच्या जंगलात हाच उपाय केला.

आपल्या सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. मार्च २०२३ मध्ये सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत जागोजाग वणवे लागले. त्या वेळी हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन गेली. तरीही वनखात्याची माणसे आणि गावकरी कित्येक दिवस पायी डोंगर चढून झाडाच्या फांद्यांनी आग झोडपत होते. उंच कड्यावर, जिथे माणसाचा पाय ठरत नाही, तिथे हेलिकॉप्टरचा खरा उपयोग झाला. उरलेली आग माणसांनीच विझविली.

आता हिशोब करू

आपण शेतकरी आहोत, तेव्हा पाण्याचा हिशोब आपल्याला चांगला कळतो. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरच्या बादलीत एका खेपेला साधारण साडेतीन हजार लिटर पाणी मावते. गावातल्या ट्रॅक्टरच्या टँकरमध्ये पाच हजार लिटर बसते, म्हणजे ही बादली टँकरपेक्षाही लहान. एक एकर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी चार हजार लिटर होते. म्हणजे पूर्ण बादली एका एकरावर सारखी पसरली तर एक मिलिमीटरसुद्धा ओल होत नाही. सरीने उसाला एक पाळी द्यायची तर आठ सेंटिमीटर पाणी धरा, एकराला सव्वातीन लाख लिटर होते. तेवढ्या पाण्यासाठी हेलिकॉप्टरला नव्वदावर खेपा कराव्या लागतील.

मग हे लोक एवढा खर्च करून बादलीभर पाणी का टाकतात? ते सगळ्या आगीवर पाणी टाकतच नाहीत. आगीच्या पुढच्या तोंडाला एक ओला पट्टा मारतात, म्हणजे तिचा वेग मंदावतो. तेवढ्या वेळात खालची माणसे पुढे जाऊन गवत कापतात, माती उकरतात आणि आगीची वाट तोडतात. हे काम करणारे लोक स्वतःच सांगतात की विमान फक्त वेळ मिळवून देते, आग विझते ती जमिनीवरच्या माणसांच्या हाताने.

शिवाय विमानालाही मर्यादा आहेत. उत्तराखंडात धुरामुळे वैमानिकांना दिसेना, म्हणून काही वेळ काम थांबवावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या कडेला वणवा पेटला. अशा विमानांची मोठी फौज त्या राज्याकडे आहे. पण पहिल्या रात्री वारा इतका सुटला की विमाने जमिनीवरच ठेवावी लागली. ज्या वाऱ्याने आग पळते, त्याच वाऱ्यात विमान उडू शकत नाही.

आपल्या फडाचे काय? वाळलेल्या पाचटाचा ऊस पेटला की अर्ध्या तासात एकर-दोन एकर खलास होतो. कोयनेच्या शिवसागरातून किंवा चांदोलीच्या वसंतसागरातून बादली भरून आणायची म्हटली तरी हुकूम निघून हेलिकॉप्टर येईपर्यंत फडाची राख थंड झालेली असेल. त्या वयस्क सभासदांना आमचे उत्तर हे की, हेलिकॉप्टर आपल्या फडासाठी येणार नाही, आणि आले तरी उशीर झालेला असेल. पण ते जे काम करते, म्हणजे आगीच्या पुढे पट्टा मारणे, ते आपण पौष-माघातच बांधावर करून ठेवू शकतो. त्याला विमान लागत नाही, विळा आणि कुदळ पुरते.

आग कशी चालते

आगीला तीन गोष्टी लागतात : जळण, हवा आणि ऊब. तिन्हींपैकी एक काढून घेतली की आग बसते. घरातल्या माउलीला हे आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. जाळ जास्त झाला तर ती चुलीवर पाणी ओतत नाही, लाकूड बाहेर ओढते. जाळरेषा म्हणजे हेच लाकूड बाहेर ओढणे. आगीच्या वाटेवरचे जळण अगोदरच काढून ठेवायचे.

डोंगरावर आग वरच्या बाजूला जास्त पळते, कारण जाळ वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतो. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधी उभे राहू नये. दुपारी बारा ते चार या वेळात हवा कोरडी असते आणि वाराही असतो, तेव्हा ठिणगी बांधच काय, रस्ताही ओलांडते. पहाटे दव असते, तेव्हा तीच आग रांगत चालते.

डोंगर का जपायचा

काही सभासद म्हणतील, डोंगर वनखात्याचा, आपला काय संबंध? संबंध आहे. साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या अंगाला, पाटणच्या खोऱ्यात, शिराळ्याच्या वरच्या डोंगरांवर उन्हाळ्यात काळे पट्टे दिसतात. यातली बहुतेक आग माणसाने लावलेली असते. कुणी विडीचे थोटूक टाकतो. कुणी बांध जाळताना ती वर जाते. पुष्कळ ठिकाणी 'डोंगर जाळला की गवत चांगले फुटते' या समजुतीने मुद्दाम काडी लावतात.

ही समजूत अर्धीच खरी आहे. जाळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे. पण दरवर्षी जाळत गेले तर मारवेल, पवन्या यांसारखे चांगले गवत मागे पडते आणि आगीला न जुमानणारी कुसळी माजते. ती कोवळी असेपर्यंतच जनावर खाते, पुढे तिची कुसळे जनावराच्या तोंडात टोचतात. म्हणजे चारा वाढावा म्हणून लावलेल्या आगीने चाराच बिघडतो. शिवाय उघडा पडलेला डोंगर वळवाच्या पहिल्या सरीत माती सोडतो. पाणी मुरत नाही, वाहून जाते, ओढे चार दिवस गढूळ वाहतात आणि मग कोरडे पडतात. ज्या विहिरींवर आपला ऊस उभा आहे, त्यांचे झरे याच डोंगरातून येतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोयना आणि वारणा या दोन्ही नद्यांचे वरचे पाणलोट त्या जंगलात आहेत.

डोंगर जपला तर काय होते, तेही आपल्या जिल्ह्यात पाहायला मिळते. सांगली जिल्ह्यातले सागरेश्वर पाहा. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सीमेवरचा हा भाग एके काळी बोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी तिथे झाडे लावली, जगविली, आणि १९८५ साली तिथे अभयारण्य झाले. झाड वाढायला वीस वर्षे लागतात आणि जळायला एक दुपार पुरते.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १९८४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने वणवा रोखण्याच्या नव्या पद्धतींचा प्रकल्प देशात दोन ठिकाणी सुरू झाला. त्यातले एक ठिकाण उत्तरेत हल्द्वानी आणि दुसरे आपले चंद्रपूर होते. आता २००४ पासून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीच्या जागा टिपून वनखात्याला कळविते. तरीपण उपग्रह फक्त आग लागल्याचे सांगतो. काडी ओढणारा हात त्याला धरता येत नाही.

कायदाही ध्यानात ठेवा. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे राखीव वनात आग लावणे, किंवा वनाला धोका होईल अशी आग पेटती सोडणे, हा गुन्हा आहे. ज्यांना वनातून चराई किंवा लाकूडफाट्याचा हक्क मिळतो, त्यांनी वणवा विझवायला मदत करणेही याच कायद्याने बंधनकारक आहे.

पाचट जाळण्याचा तोटा

आता आपल्या रानातली आग. एका एकरात तीन ते चार टन पाचट निघते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असते. म्हणजे एकरी पंधरा ते वीस किलो नत्र, पाऊण ते एक गोणी युरियाइतके. काडी लावली की हे नत्र धुराबरोबर गेले. त्याबरोबर सेंद्रिय कर्ब गेला, वरच्या थरातले जिवाणू गेले आणि जमिनीची ओलही गेली. 'पाचट ठेवले तर उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही' असे बरेच सभासद म्हणतात. पाण्याची अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय असा :

१. ऊस जमिनीलगत तोडून घ्यावा. वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने छाटावेत.

२. पाचट सरीत सारखे पसरावे. पाट आणि सरीचे तोंड मोकळे ठेवावे. एक आड एक सरीत पाचट ठेवले तरी पाणी पुढे जाते.

३. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकावे. एकरी चार टन धरले तर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर आणि ४ किलो संवर्धन होते. संवर्धन शेणखतात मिसळून टाकावे.

४. लगेच पाणी द्यावे. ओले पाचट पेटत नाही आणि कुजायलाही लागते.

जळीत उसाबद्दल स्पष्ट बोलू

हा भाग कुणाला लागेल, पण लिहिणे भाग आहे. जळीत ऊस लवकर तोडावा लागतो म्हणून त्याला पाळी आधी मिळते. हे पाहून तोड मिळेना तेव्हा कुणी कुणी आपल्याच उसाला काडी लावतो. कधी पाला झाडण्याचा त्रास वाचावा म्हणून तोडणीच्या वेळीही फड पेटविला जातो. असे करणाऱ्याची अडचण आम्हाला कळते. घरात पैशाची नड असते, ऊस वाळत असतो, चिटबॉय 'उद्या, उद्या' म्हणतो. पण यात फायदा कुणाचाच नाही. जळालेल्या उसाचे वजन रोज घटते. पोळलेल्या कांडीत जंतू शिरतात आणि साखरेचे रूपांतर ज्या साखरेचे दाणे पडत नाहीत अशा साखरेत होऊ लागते. असा ऊस चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत गळला नाही तर रस चिकट होतो, कारखान्यात उकळण्याला त्रास होतो आणि उतारा पडतो. त्या उताऱ्यावर सगळ्या सभासदांचा दर ठरतो. शिवाय जळीताची कपात लागते ती वेगळी. आणि एकाने पेटविलेला फड शेजाऱ्याच्या फडाला विचारून थांबत नाही.

यंदा प्रत्येकाने करावयाची कामे

• डोंगराच्या किंवा गायरानाच्या कडेला रान असेल तर वरच्या अंगाला वीस फूट रुंदीचा पट्टा गवत कापून स्वच्छ करावा. दोन फडांमधल्या बांधावर दहा फूट पुरे. कापलेले गवत वैरणीला न्यावे, बांधावर ढीग करू नये.

• डोंगरावरची जाळरेषा वनखात्याच्या माणसांसोबतच काढावी. स्वतःच्या जबाबदारीवर डोंगराला काडी लावू नये.

• फडावरून विजेच्या तारा लोंबत असतील तर वायरमनला लेखी कळवावे आणि त्याची एक प्रत गट ऑफिसात द्यावी. तारांच्या व डीपीच्या खालचा पाला काढून घ्यावा.

• ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला ठिणगी अडविणारी जाळी बसवावी.

• तोडणी टोळीच्या कोप्यांजवळ पाण्याचे एक पिंप भरून ठेवावे. चुलीची राख विझवूनच टाकावी, असे मुकादमाला समजावून सांगावे. त्या कोप्यांत लहान लेकरे असतात, हे आपणही विसरू नये.

• आग लागलीच तर पेटत्या फडात कुणीही शिरू नये. ऊस पुढच्या वर्षी पुन्हा येतो, माणूस येत नाही. जळून गेलेल्या बाजूने, वाऱ्याच्या पाठीमागून, ओल्या फांद्यांनी कड झोडपावी. सुती कपडे असावेत, नायलॉन अंगाला चिकटते. अग्निशामक दलाला १०१ आणि डोंगरावरचा वणवा असेल तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्याच दिवशी गट ऑफिसला खबर द्यावी.

आमच्या खात्याकडून

सभासदांना सांगून आम्ही मोकळे होणार नाही. ज्यांचे रान डोंगरकडेला आहे किंवा ज्यांच्या फडावर तारा आहेत, त्यांनी गट ऑफिसात नोंद करावी. अशा फडांना तोडणी प्रोग्राममध्ये मागे राहू द्यायचे नाही, असे आम्ही ठरविले आहे. शेजारच्या रानात पाचट आहे आणि आपला ऊस तोडीला आला आहे, असे असेल तर तेही सांगावे. गावातल्या दहा-वीस सभासदांनी मिळून एक दिवस ठरविला तर जाळरेषेच्या कामाला आमचे गट कर्मचारी कुदळ घेऊन येतील, आम्ही स्वतःही येऊ.

सुरुवातीला ज्या दोन चुलत भावांची गोष्ट सांगितली, त्यांच्या बांधावर संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही हे काम सुरू करणार आहोत. दोघांनाही निरोप दिला आहे. दोघांनीही 'येतो' म्हटले आहे. जवळपासच्या सभासदांनी विळे घेऊन अवश्य यावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते